एकाच उंचीचे नऊ महिने

आमच्या घरात चहाचा कप टेकवायला जागा मिळत नाही, पण मूत्रपिंडं हवी तेवढी मिळतात. जेवणाच्या टेबलावर एक डोळा असतो, फ्रिजवर आतला कान असतो आणि बाथरूमच्या खिडकीत रंग वाळायला ठेवलेले दात असतात. पाहुणे एकदा येतात, पुन्हा येत नाहीत. त्याचं मला काही वाईट वाटत नाही. आलेल्यांपैकी निम्मे तरी न आलेलेच बरे होते.

आमचे हे शाळा-कॉलेजांसाठी शरीराची मॉडेल्स बनवतात. माती, साचा आणि प्लास्टर ह्यांचं, रंग माझा. धमन्या लाल, शिरा निळ्या, नसा पिवळ्या. नवऱ्याच्या स्वभावाला कुठला रंग लावावा हे मात्र इतक्या वर्षांच्या संसारात मला ठरवता आलेलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोल्यांत आम्ही, आणि मधलं दार कधी बंद नसतं, त्यामुळे वरणात थोडं प्लास्टर आणि प्लास्टरमध्ये थोडं वरण हे चालायचंच.

ह्यांची दोन तत्त्वं आहेत. पहिलं, वस्तू शेवटच्या बाकावरून दिसली पाहिजे. दुसरं, ती पेटीत बसली पाहिजे. पेट्या सगळ्या एकाच मापाच्या, कारण सुताराकडून त्या घाऊक करून घेतलेल्या. तेव्हा मूळ वस्तू केवढीही असो, आमच्याकडे ती दीड वीत उंच होऊनच बाहेर पडते. खरी केवढी आणि आपण ती किती पट केली, हे मॉडेलच्या बैठकीच्या तळाला कोरलेलं असतं. समोर लिहिलं की शोभा जाते म्हणे. थोडक्यात, राईचा पर्वत करणं हा आमच्या ह्यांचा धंदाच आहे, आणि पर्वत मोठा झाला तर त्याची राई करून तोही पेटीत बसवतात.

यंदा नर्सिंगच्या शाळेकडून काम आलं ते गर्भाच्या वाढीच्या संचाचं. पोटात मूल महिन्यामहिन्याला कसं दिसतं ते दाखवायचं. हे कामाला लागले आणि त्याच सुमारास आमच्या लेकीला दिवस गेले.

आता यात लपवण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. गेल्या वर्षीही तिला दिवस गेले होते. तेव्हा आम्ही दुसऱ्या महिन्यातच गल्लीभर सांगून मोकळे झालो होतो. तिसऱ्यात ते गेलं. मग ज्या ज्या तोंडांना सांगितलं होतं त्या त्या तोंडांसमोर उभं राहून 'नाही हो, नाही राहिलं' असं माझ्या पोरीला म्हणावं लागलं. दुधवाल्याला, ती काम करते त्या औषधाच्या दुकानाच्या मालकाला, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईला तर दोनदा, कारण तिला एका कानाने कमी ऐकू येतं आणि पहिल्यांदा लेक चुकीच्या बाजूला उभी होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी मी नियम घातला की तिसरा महिना उलटेपर्यंत या घरात त्याबद्दल कुणी एक अक्षर काढायचं नाही. बाहेर तर नाहीच, पण आपापसातही नाही. लेक, जावई, हे आणि मी, चौघे मूग गिळून बसलो.

जावई टेलर आहेत. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं दुकान, वर त्यांची राहायची खोली, आणि रात्रीचं जेवण दोघांचं आमच्याकडे. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याचा विश्वास जगात फक्त टेपवर. नमस्कार करायला वाकले तरी नजर समोरच्याच्या पँटच्या लांबीवर. लहान मुलांचे कपडे ते नेहमी वाढत्या अंगाचे शिवतात, आणि सवय अशी जडली आहे की मला रंगकामाचा अ‍ॅप्रन शिवून दिला तोही वाढत्या अंगाचा. मी म्हटलं, "जावईबापू, माझं अंग आता कुठे वाढणार?" तर म्हणाले, "सांगता येत नाही, आई." त्यांच्या तोंडून ते सहज निघून गेलं हे खरं, पण मी विसरलेले नाही.

गेल्या वर्षी बातमी कळल्याबरोबर त्यांनी झबली शिवायला घेतली होती. दुकानातल्या खालच्या खणात ती अजून आहेत. या वेळी त्यांनी एक टाकासुद्धा घातला नव्हता. त्याऐवजी ते आमच्या कारखान्यात येऊन बसायला लागले.

यायचे, टेप गळ्यात तसाच, आणि स्टुलावर बसून ह्यांच्या हाताकडे बघत राहायचे. एकदा दुसऱ्या महिन्याच्या मॉडेलपाशी बराच वेळ घोटाळले.

"बाबा, ही शेपटी आहे का?"

"हो."

"माणसाला?"

"तेवढ्यापुरती असते. जाते मग."

"सगळ्यांनाच असते, की एखाद्या घराण्यात..."

"सगळ्यांना. तुम्हालाही होती."

जावयांनी नकळत मागे हात नेऊन खात्री करून घेतली. मग म्हणाले, "आणि हातांना बोटं?"

"आहेत की. मधे अजून पडदा आहे, बदकासारखा. तो विरघळतो आणि बोटं सुटी होतात."

"म्हणजे आधी अख्खं कापड आणि मग कात्री," जावई म्हणाले. हे कामात होते, म्हणून नुसते हुं म्हणाले. "पण बाबा, डोकं निम्म्या अंगाएवढं! याचा गळा काढायचा कसा?"

ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याला कुठे जायचंय कपडे घालून?"

मी पलीकडे चौथ्या महिन्याच्या पापण्या रंगवत होते. त्या वयात डोळे मिटलेलेच असतात, ते मला बरं वाटतं. त्या खोलीत जावयांची चौकशी चालू असताना निदान कुणीतरी शांत झोपलेलं होतं. जावयांच्या मनात ते सगळं का चाललंय हे न कळण्याइतकी मी काही भोळी नाही. पण नियम म्हणजे नियम. ते नर्सिंगच्या शाळेबद्दल विचारत होते असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

मग लेक आणि जावई सोनोग्राफीला जाऊन आले. आल्यावर लेकीने चप्पल काढता काढता मला नुसतं "सगळं ठीक" असं म्हटलं आणि हळूच, "ठोके ऐकवले," एवढं पुढे जोडलं. नियमात न बसणारे ते शब्द होते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि थोडं रडून घेतलं.

परत आले तर जावयांचं तोंड पाहण्यासारखं झालेलं. ताटावर बसले आणि घास नुसता इकडून तिकडे फिरवत राहिले. मला वाटलं, दवाखान्याचा वास सहन झाला नसेल. पुरुषांना होत नाही.

पण पुढचे आठ दिवस माणूस वेड्यासारखा वागायला लागला. लेकीच्या ताटात वाढू लागले ते थांबेचनात. दूध काय, अंडी काय, खजूर काय. ती नको म्हणाली की डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "एवढं खा गं, थोडंसं." दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. रोज कारखान्यात येऊन दुसऱ्या महिन्याचं मॉडेल पाहायचे, सुस्कारा टाकायचे आणि जायचे. ह्यांना वाटलं, त्यांच्या कलेचा परिणाम होतोय. दोनदा त्यांनी जावयांना चहा पाजला.

एका दुपारी लेक माझ्याकडे आली. दारातच तिचा बांध फुटला.

"आई, डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय."

"कधी? तू तिथेच होतीस ना?"

"मी कपडे नीट करत होते तेव्हा. मला 'छान आहे' म्हणाल्या, पण मागच्या वेळीही आधी छानच म्हणाल्या होत्या. हे माझ्याकडे बघतच नाहीत गं. रात्री मला झोप लागलीय असं वाटलं की उठून खिडकीत बसतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही. आई, हेही जाणार आहे का? आणि ते सगळ्यांना माहीत आहे, मलाच नाही?"

माझ्या पोटात गोळा आला. पण मी आई आहे, माझ्या पोटातल्या गोळ्याला विचारतंय कोण. तिला स्टुलावर बसवलं, "इथून हलू नकोस" म्हटलं, आणि अ‍ॅप्रनसकट गल्लीत उतरले. मला राग आला की मी वेगाने चालते, आणि तो अ‍ॅप्रन पायांत येतो. जावयांचं दुकान येईपर्यंत दोनदा अडखळले, त्यामुळे राग दुप्पट झाला.

दुकानात एक गृहस्थ हात वर करून उभे होते, छातीचं माप द्यायला. मी म्हटलं, "तुम्ही उद्या या." ते हात वर करूनच बाहेर गेले.

"जावईबापू, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला आत्ताच्या आत्ता सांगा."

जावई आधी नाही-नाही म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहून मशीनपुढे मटकन खाली बसले.

"आई, त्या 'छान' म्हणाल्या. 'वाढ व्यवस्थित आहे' म्हणाल्या. हसून म्हणाल्या."

"मग?"

"मग मी विचारलं, केवढं आहे. तर म्हणाल्या, दीड सेंटीमीटर." त्यांनी गळ्यातला टेप ओढून अंगठ्याने तेवढी जागा दाखवली. "दीड, आई! आणि बाबांचं दुसऱ्या महिन्याचं मी स्वतः मोजलंय. दोनदा मोजलंय. ते तीस आहे. आपलं वाढलंच नाहीये. तिला धीर यावा म्हणून डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या. मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

मी तोंड उघडलं ते ओरडायला, पण बाहेर आलं हसू. ते आवरेचना. कपड्यांच्या ढिगावर बसून मी हसले, उचकी लागेपर्यंत हसले. जावई पांढरेफटक पडून माझ्याकडे बघत होते. बायकोचं दुःख सोसायची त्यांनी तयारी केली होती, आता सासूला वेड लागलं, तेही त्यांच्याच दुकानात.

"अहो," मी कसंबसं म्हटलं, "आमच्याकडे सगळंच तीस असतं! पेटीसाठी!"

"म्हणजे?"

"म्हणजे ते वीस पट मोठं केलंय. शेवटच्या बाकावरून दिसायला. नववा महिना मोजलात का?"

"मोजला की. तोही तीसच."

"मग तुम्हाला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं, उंची आधी होऊन जात असेल आणि मग नुसतं अंग भरत असेल. शाळेतली पोरं नाही का, आधी उंच होतात, मग भरतात." ते थांबले. मग एकदम उसळून म्हणाले, "पण मग हे लिहिलेलं का नाही कुठे?"

"लिहिलंय. तळाला."

"तळाला! मीही साईझ कॉलरच्या आत लिहितो, आई, पण गिऱ्हाइकाला दाखवतो तरी!"

याचं उत्तर ज्यांनी द्यायला हवं होतं ते घरी प्लास्टर कालवत होते. मी जावयांचा हात धरून त्यांना गल्लीतून ओढत नेलं. वाटेत माझं हसू संपलं. आठ दिवस हा माणूस एकटा खिडकीत बसत होता, हे आता कुठे माझ्या डोक्यात शिरलं. विचारलं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं. पण विचारायची बंदी कुणी केली होती? मीच. त्या विचाराने मला जो संताप आला तो अर्थातच मी ह्यांच्यावर काढला.

"अहो! तुमच्या त्या पेट्यांपायी पोरांची झोप उडालीय!"

लेक स्टुलावर बसलेली होती तशीच होती. जावयांनी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, टेप काढून दाखवत, दीड इथे आणि तीस इथे. ती ऐकत राहिली. आधी तिचा चेहरा नुसता कोरा होता. मग ती इतक्या मोठ्याने हसली की फळीवरचा जबडा खडखडला. हसता हसता तिने नवऱ्याच्या दंडावर एक चापटी मारली, आणि मग त्याच दंडात तोंड खुपसलं.

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. आमच्यासमोर ती त्यांना अरे-तुरे करत नाही. आम्ही ऐकलं नाही असं दाखवलं.

हे मात्र दुखावले होते. "शाळेत कुणी टेप घेऊन येत नाही," असं तीन वेळा म्हणाले.

"बाबा," लेक म्हणाली, "खरं केवढं आहे ते करून दाखवा ना. आत्ताचं."

'आत्ताचं' म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं होतं. नियम तिनेच मोडला होता, आणि मी तो मोडू दिला.

"तेवढं लहान मी कधी केलेलं नाही," हे म्हणाले. "कुणाला दिसणार ते?"

"आम्हाला," जावई म्हणाले.

ह्यांनी एक चष्मा काढून दुसरा लावला. चिमूटभर माती घेतली. एवढा कसलेला माणूस, पण त्या मातीने त्यांची पाचावर धारण बसवली. बोटं जाड, वस्तू राजम्याच्या दाण्याएवढी. एकदा डोकं चपटलं, एकदा शेपटीच निघून आली. जावई शेजारी टेप ताणून उभे, "अजून जरा लांब, बाबा. आता जास्त झालं." शेवटी ह्यांनी माझा सगळ्यात बारीक ब्रश घेतला, त्याच्या उलट्या टोकाने डोळ्याच्या जागी एक ठिपका टोचला, बाजूला दोन एवढेसे हात चिकटवले, आणि तळहातावर घेऊन ते लेकीपुढे धरलं. वाकलेलं, जणू स्वतःच्याच पोटात डोकावून बघणारं. मी इतके महिने रंगवले आहेत, पण ते पाहायला मीही पुढे वाकले. एवढंसंच असतं? आणि एवढ्याशासाठी आमची एवढी पळापळ?

तेवढ्यात हे शिंकले. प्लास्टरच्या धुळीत जन्म काढलेला माणूस, नेमका तेव्हाच.

हात रिकामा झाला.

"कुणी हलू नका!" जावई किंचाळले.

आम्ही जागच्या जागी गोठलो. मग इंचाइंचाने गुडघ्यांवर उतरलो. लेकही उठायला लागली, तर तिघेही एकदम ओरडलो, "तू वाकू नकोस!" ती परत बसली. फरशीवर प्लास्टरचे खडे, मातीच्या गोळ्या, जुने तुटके दात, आणि त्या सगळ्यांत आमचं ते. हे टेबलाखाली शिरले. जावयांनी तळव्यांनी फरशी चाचपायला घेतली, हरवलेलं बटण शोधतात तशी. मी पाय उचलून टाकायलाही घाबरत होते.

"राहू द्या ना बाबा," लेक म्हणाली. "माती तर आहे. दुसरं करा."

मॉडेलचं नाक जरा वाकडं आलं तरी अख्खं मॉडेल भिंतीवर आपटून नवं करणारा माझा नवरा टेबलाखालून म्हणाला, "दुसरं नको. हेच पाहिजे."

जावई शोधायचे थांबले आणि पाठमोरे तसेच बसून राहिले. त्यांची पाठ हलत होती. मला दिसत होतं आणि मी फरशीकडे बघत होते. गेल्या वर्षी सगळ्यांनी तिला हेच सांगितलं होतं. दुसरं होईल. मीही सांगितलं होतं.

"अहो," लेक म्हणाली. आवाज अगदी हळू. "उठा सगळे. माझ्याकडेच आहे."

ओढणीचा पसारा तिच्या मांडीवर होता, आणि त्याच्या चुणीत ते पडलेलं. डोकं नाही चपटलेलं, हात जागेवर. तिने मघाशी पाहिलं होतं की आत्ताच, ते मी विचारलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"इथेच आहे," ती पुन्हा म्हणाली. "कुठे गेलेलं नाही."

हे टेबलाखालून निघाले, डोक्याला टेंगूळ घेऊनच. डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला प्लास्टर, म्हणून तसेच उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "याला रंग नाही लावायचा. पण ठेवायचं कशात? माझ्याकडे एवढी लहान पेटी नाही."

जावयांनी खिशातून अंगुस्तान काढलं, बोटात घालायचं, बंद टोकाचं. त्यात चिंधीचा एक कपटा दाबून बसवला, लेकीच्या मांडीवरून ते दोन बोटांनी उचललं आणि आत ठेवलं. मग उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघत राहिले.

"बसलं का?" मी विचारलं.

"बसलं," ते म्हणाले. "वर जागा राहतेय थोडी." आणि त्यांनी नाक ओढून आमच्याकडे पाहिलं. "असू दे. वाढत्या अंगाचं आहे."